राहिलेला बार

"फुजैरा तू अकेला जा ना, हम्माद," वासुदेव आपल्या खास हिंदीत म्हणाले. "इनको कायको घसीटता है?"

"उस्ताद, देखने के लिए मेरी आंख है. सुनने के लिए भाभी का कान चाहिए," असं म्हणून हम्मादने साबुदाण्याचा तिसरा वडा उचलला.

नवरात्र चालू होतं. अबुधाबीतल्या त्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोनाड्यात घट बसले होते आणि डायनिंग टेबलावर रिव्हॉल्व्हरचा विषय चालला होता. अनुपमा चटणीची वाटी घेऊन उभी राहिली ती उभीच राहिली. लग्न होऊन या घरात आल्यापासून हम्मादभाईंनी या टेबलावर पुष्कळ विषय आणलेले तिने पाहिले होते. एकदा ससाणा, एकदा जुनी लाकडी लाँच, एकदा तर जिवंत बोकडच लिफ्टने वर आला होता. पण हे काहीतरी निराळंच होतं.

चाळीस वर्षांपूर्वी हम्माद तेल कंपनीच्या वर्कशॉपात शिकाऊ म्हणून आला, तेव्हा मायक्रोमीटर कसा धरायचा ते त्याला वासुदेवांनी शिकवलं. तेव्हापासून ते उस्ताद आणि लतिकाबाई भाभी. आता दोघेही निवृत्त झाले होते, पण सणावाराला हम्माद आला नाही असं कधी झालं नाही. पुरणपोळीवर तो तूप नव्हे, मध घ्यायचा, आणि त्याबद्दल या घरात कोणी त्याला माफ केलेलं नव्हतं.

फुजैरात हारुन नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्याकडे वडिलांचं बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर होतं, सहा गोळ्यांचं, फार जुनं. हम्मादने ते लहानपणी एका लग्नात हारुनच्या वडिलांच्या कमरेला पाहिलं आणि तिथेच त्याचं मन बसलं. आता हारुन विकायला तयार झाले होते. हम्मादकडे परवाना होता, पोलिसांकडचे कागद पुरे झाले होते. शंका एकच होती. एवढं झिजलेलं हत्यार चालेल, की नुसतं कपाटात ठेवायचं?

"आणि ते आई सांगणार?" दत्ताप्रसाद म्हणाला.

दत्ताप्रसाद म्हणजे वासुदेव-लतिकाबाईंचा मुलगा. एका कंत्राटदार कंपनीत सेफ्टी मॅनेजर. ऑफिसात तो शंभर माणसांना हेल्मेट घालायला लावायचा आणि घरी आला की आधी गॅसचं बटण बघायचा.

"तेरी मां ने लिवा के रेगिस्तान में क्या किया था, याद नहीं?" हम्माद म्हणाला. "मेरे बाबा की बंदूक अटक गई. सब मर्द लोग रेत में बैठके देख रहे. भाभी गाड़ी में बैठी, तुमको दूध पिला रही. उधर से बोली, स्प्रिंग टूटा है. खोला तो स्प्रिंग टूटा."

"दूध नव्हे, केळं भरवत होते," लतिकाबाई म्हणाल्या. "सहा वर्षांचा होता हा."

ईशानी हसली. ती दत्ताप्रसादची मुलगी, इथेच जन्मली, इथेच वाढली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. "आजी, यू नेव्हर टोल्ड मी धिस."

"तू विचारलंस कुठे?"

"आई, ऐका," दत्ताप्रसादने आवाज खाली आणला. तो काळजीत असला की आईला अहो-जाहो करायचा, जणू ती ऑफिसातली कोणी मोठी बाई आहे. "आपण इथे व्हिसावर राहतो. पिस्तुलाच्या आसपाससुद्धा आपण जायचं नाही."

"पिस्तूल नाही ते. रिव्हॉल्व्हर."

"तेच ते."

"तेच ते कसं? उद्या मी तुझ्या हेल्मेटला टोपी म्हटलं तर चालेल?"

अनुपमाने त्या वेळी नवऱ्याची बाजू घेतली. मनापासून घेतली. आईंचं डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं आणि चहाचा कप धरताना मनगट हलायचं. "आई, प्रवासच केवढा, उगाच दगदग," ती म्हणाली. लतिकाबाईंनी सुनेकडे एकदाच पाहिलं आणि चटणीची वाटी तिच्या हातातून घेतली.

"हम्माद, मी येते," त्या म्हणाल्या. "पण माझी फी आहे."

"बोलो भाभी."

"तुमच्या क्लबात, दसऱ्याच्या दिवशी, त्याचा पहिला बार मी काढणार."

 हम्मादने वडा खाली ठेवला, उजवा हात छातीवर ठेवला आणि म्हणाला, "खलास. पहला भाभी का."

---

डोंगर सुरू झाले की लतिकाबाईंना बरं वाटायचं. वाळूत इतकी वर्षं काढली तरी डोळ्यांना टेकायला काहीतरी लागतं. हम्मादची गाडी फुजैराच्या रस्त्याला लागली, दोन्ही बाजूंना करडे, उघडे डोंगर आले. वासुदेव पुढच्या सीटवर पेंगत होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण निघताना ते बूट घालून आधीच लिफ्टपाशी उभे होते.

दत्ताने तिच्याकडून शब्द घेतला होता. क्लबाच्या बाहेर ती हत्याराला हात लावणार नाही. मुलगा शब्द मागतो तेव्हा घाबरलेला असतो, हे तिला त्याच्या लहानपणापासून माहीत होतं. तिने दिला.

तिच्या वडिलांचं, रामचंद्र जिनगरांचं, कोल्हापुरात बंदुका दुरुस्तीचं दुकान होतं. सरकारी परवान्याचं, दारावर पितळी पाटी असलेलं. घरात मुलं बोलायला शिकायची ती चाप, घोडा, नळी हे शब्द घेऊनच. खंडेनवमीला दुरुस्तीला आलेल्या सगळ्या बंदुका जाजमावर मांडल्या जात, प्रत्येकीला हळदकुंकू, प्रत्येकीवर झेंडूचं फूल. आणि दसऱ्याच्या संध्याकाळी सीमोल्लंघनाला गेलं की गावाबाहेरच्या बांधावर वर्षाचा पहिला बार. ज्या वर्षी घरातल्या पोराला, मुलगा असो की मुलगी, अठरा पुरी होत, त्या वर्षी तो बार त्याचा. धूर अजून हवेत असतानाच वडील मोठ्याने विचारत, "बार कोणाचा?" मग त्या पोराने आपलं पूर्ण नाव सांगायचं, बांधापलीकडच्या शेतात ऐकू जाईल असं.

ती सगळ्यांत थोरली. तिला अठरा पुरी झाली त्या वर्षीच्या वैशाखात तिचं लग्न झालं. दसऱ्याला ती पुण्यात सासरी चक्का घोटत होती आणि तिच्या वाटचा बार धाकट्या भावाने, विठ्ठलने काढला. यात कोणाचं काही चुकलं असं तिला कधी वाटलं नाही. फक्त तो बार राहिला. पहिल्या वर्षी एकदा तिने हे सगळं वासुदेवांना सांगितलं होतं, पण ते अर्धवट झोपेत होते आणि "हं, हं" करत होते.

हारुन दाराशीच उभे होते. वाकलेले, पांढरी शुभ्र दाढी, हातात काठी. मजलिसमध्ये, त्यांच्या बैठकीच्या खोलीत बसल्यावर कावा, म्हणजे अरबी कॉफी आली, खजूर आले, तब्येती विचारून झाल्या. मग त्यांनी एका जुन्या लोकरी कापडातून ते काढलं.

निकेल जवळजवळ उडालंच होतं. मुठीवरची नक्षी तळव्याच्या घामाने गुळगुळीत झाली होती. नेम धरायची पुढची माशी झिजून तांदळाएवढी उरली होती. पण गंज नव्हता. कोणीतरी त्याला दर वर्षी तेल दिलं होतं.

"हाथ नहीं लगाएगी?" हारुननी आश्चर्याने विचारलं.

"बेटे को जुबान दिया है," लतिकाबाई म्हणाल्या.

म्हाताऱ्याला हे इतकं आवडलं की त्यांनी आणखी कावा मागवला.

तिने डोळे मिटले. "हम्माद, आधी रिकामं आहे ते बघ. बघितलंस? आता घोडा ओढ. हळू. अजून हळू."

टिक्, टिक्, टक्. चक्री फिरली आणि बसली.

"अंगठ्याने धरून खाली सोड. परत ओढ."

टिक्, टिक्, टक्. वडील असेच डोळे मिटून बसायचे. म्हणायचे, पोरी, लोखंड खोटं बोलत नाही, त्याला येतच नाही. गोळ्यांची पाच घरं झाली. सहाव्याला टिक्, टिक् झालं आणि शेवटचा टक् आलाच नाही, नुसती एक खरखर.

"थांब. हे घर ढिलं आहे. चक्री पूर्ण बसत नाही, गोळी नळीच्या मधोमध येणार नाही. शिशाचे कण बाजूला उडतील. याच्यात गोळी भरायची नाही. बाकी पाच चालतील."

हारुन हसायला लागले. त्यांच्या वडिलांनीही त्या घरात कधी गोळी भरली नव्हती. तिथे ते कागदाची सुरळी करून ठेवायचे, कोणाला निरोप द्यायचा असेल तर. वडील बंदरावर पहारा करत, तेव्हा फुजैरात रस्ता नव्हता, होड्यांनी सामान यायचं. म्हातारा बोलत राहिला, लतिकाबाई ऐकत राहिल्या. किंमत ठरवायला हम्मादला आपलं नेहमीचं नाटक करायची संधीच मिळाली नाही. सहावं घर ढिलं म्हणून हारुननी आपणहून पाचशे दिरहम कमी केले.

"म्हणजे बारा हजार रुपये," वासुदेव कोचावरून पुटपुटले. ते झोपलेले नव्हते तर.

निघताना हारुननी एकच अट घातली. पहिल्या बाराचा आवाज त्यांना फोनवर ऐकवायचा.

---

दत्ताप्रसादची खरी कसोटी खंडेनवमीला लागली.

दर वर्षी या घरात शस्त्रपूजन व्हायचं ते असं. पाटावर वासुदेवांचा मायक्रोमीटर, स्वयंपाकघरातली विळी आणि सुरी, दत्ताचा लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, ईशानीचा कॅल्क्युलेटर. एका वर्षी अनुपमाने मिक्सर ठेवला होता. त्यावर लतिकाबाई दर वर्षी हळदकुंकू वाहताना एकदा तरी म्हणायच्या, "आमच्याकडे जाजम पुरायचं नाही." सगळे हसायचे. दत्ताही हसायचा. या वर्षी आईने पाटाच्या मधोमध एक वीतभर जागा रिकामी ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"घरी येणार नाही ते," तो म्हणाला. "हम्मादकाका त्याच्या घरून थेट क्लबात नेणार, तिथून थेट घरी. तसा कायदाच आहे."

"मी कुठे काय म्हटलं?"

"जागा ठेवलीत तुम्ही."

"जागा ठेवायला परवाना लागतो का?"

तो पुढे बोलणार तोच वासुदेव म्हणाले, "दत्ता बरोबर बोलतो आहे. मलाही वाटतं, राहू दे हे सगळं. हात झटकला गेला, मनगट दुखावलं, तर या वयात महिनाभर पोळ्या कोण..." आणि इथे ते थांबले, पण उशीर झाला होता.

"पोळ्या?" अनुपमा म्हणाली.

दत्ताला बायकोचा हा आवाज ओळखीचा होता. बाबांची बाजू भक्कम होती, पण त्या एका शब्दाने ती कोसळली.

"बाबा, पोळ्या गेली दहा वर्षं मी करते," अनुपमा म्हणाली. "आणि आई, तुम्ही जायचं. मनगटाला माझा टेनिसचा पट्टा बांधू."

"मॉम, यल्ला, फायनली," ईशानी म्हणाली. "डॅड, शी इज सेव्हन्टी-टू, नॉट सेव्हन."

"तू मध्ये बोलू नकोस."

"आय अ‍ॅम नॉट मध्ये, आय अ‍ॅम विथ आजी."

तीन विरुद्ध दोन, आणि दोघांपैकी एक आता मायक्रोमीटरवर उगाच फडकं फिरवत होता. दत्ता गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली गाड्यांची रांग लागली होती. त्याने आयुष्यभर काय वाईट होऊ शकेल याचा विचार करण्याचा पगार घेतला होता. पण आईला नक्की काय हवं आहे, हे त्याने तिला विचारलं नव्हतं, हे त्याच्या अचानक लक्षात आलं. ती कधी मागायचीच नाही. पंचाहत्तर जण जेवायला असले तरी तिने कधी कोणाला ताट घे म्हणून सांगितलं नव्हतं. आणि आता तिने मागितलं ते हे.

तो आत आला. "ठीक आहे. पण माझ्या अटी. दोन्ही हातांनी धरायचं. चष्मा, कानाला कप. मी शेजारी उभा राहणार. पूजा तिथेच करायची, निरांजन नाही, उदबत्ती नाही, कापूर नाही."

"मग ओवाळू कशाने?"

"माझ्याकडे बॅटरीवाला दिवा आहे," ईशानी म्हणाली, चक्क मराठीत.

---

क्लब आतून गार आणि रुग्णालयासारखा स्वच्छ होता. रेंजवरचा अधिकारी अर्सलान मूळ पेशावरचा, उंच, दाढीला मेंदी लावलेला. हम्मादने त्याला आधीच सगळं समजावलं होतं, तरी पैठणी नेसलेली बाई, तिच्या मनगटाला टेनिसचा पट्टा आणि मागे ताम्हण घेतलेली नात बघून तो क्षणभर उभाच राहिला.

"मांजी, पहले पूजा या पहले ब्रीफिंग?"

"पहले ब्रीफिंग," दत्ता म्हणाला.

"पहले पूजा," बाकी सगळे म्हणाले.

अर्सलानने रिव्हॉल्व्हर उघडं, चक्री बाहेर काढून, रिकामं असल्याचं सगळ्यांना दाखवून टेबलावर ठेवलं. लतिकाबाईंनी आता पहिल्यांदा त्याला हात लावला. मुठीवर हळद, कुंकू, एक झेंडूचं फूल. भाजीवाल्याने आणून दिलेली आपट्याची दोन पानं. ईशानीने बॅटरीचा दिवा ओवाळला. हम्माद हात बांधून अदबीने बाजूला उभा होता. फोनवर फुजैराहून हारुन ताटकळत होते.

वासुदेव मागे उभे होते. त्यांच्या हातात अनुपमाने अक्षता दिल्या होत्या, ओल्या कुंकवात कालवलेल्या. हातात अक्षता आल्या की त्यांना नेहमी एकच दिवस आठवायचा. पुण्यातलं मंगल कार्यालय, समोर तांदळाचं ताट, आणि थोरली बहीण कानात सांगत होती, लिही, अंगठीने लिही, तिचं नाव आता आपल्याकडे हे. त्यांनी तांदळात "लतिका" लिहिलं होतं. वळणदार लिहिलं होतं, अक्षर चांगलं होतं त्यांचं. समोर खाली मान घालून बसलेल्या मुलीला हे नाव आवडलं का, हे कोणी विचारलं नाही, त्यांनीही नाही. त्या काळी विचारत नसत, एवढंच. पण आधीचं नाव त्यांना माहीत होतं. पत्रिकेवर वाचलं होतं. आणि पहिल्या वर्षी ती रात्री बांधावरच्या बाराबद्दल सांगत होती, तेव्हा ते झोपेत नव्हते. काय बोलावं ते सुचलं नव्हतं, म्हणून डोळे मिटून "हं, हं" केलं होतं.

त्यांनी मूठ उघडली आणि मंगलाष्टकं संपल्यासारख्या सगळ्या अक्षता एकदम टाकल्या. निम्म्या रिव्हॉल्व्हरवर, निम्म्या अर्सलानच्या बुटांवर.

टेबल पुसलं गेलं. चष्मे, कानाचे कप चढले. अर्सलानने ढिलं घर रिकामं ठेवून एकच गोळी भरली, चक्री मिटवली आणि रिव्हॉल्व्हर तिच्या दोन्ही हातांत दिलं. दत्ता तिच्या कोपराशी. तिने पाय थोडे रुंद केले. मनगट हललं, मग स्थिर झालं. घोडा ओढला. पलीकडे कागदावर काळं वर्तुळ.

चाप दाबला.

टप्.

काहीच झालं नाही. तिचे हात तसेच समोर धरलेले. कोणीतरी श्वास सोडला. हम्मादचा चेहरा पडला. पण दत्ता हलला नाही. त्याने आईच्या कोपराखाली आपला तळवा धरला आणि तिच्या कानाच्या कपाजवळ तोंड नेऊन शांतपणे म्हणाला, "तसंच धर. उशिरा उडू शकतं. नळी समोरच. मी आहे."

ते तसेच उभे राहिले, मायलेक, चांगला वेळ. मग अर्सलानने रिव्हॉल्व्हर हळूच घेतलं, गोळी काढली. गोळीच्या बुडावर घोड्याचा जेमतेम पुसट ठसा होता.

"सॉरी मांजी. गन पुरानी है. जो गन फेल हुई, वो आज लाइन पर वापस नहीं आती. रूल है."

लतिकाबाईंनी कानाचे कप उतरवले. पदर नीट केला. वासुदेवांनी तो पदर नीट करणं पाहिलं. नव्या नवरीने दसऱ्याला चक्का घोटताना केलं होतं तसंच.

"गन फेल नाही झाली," त्या मग म्हणाल्या. "कपामधून नीट ऐकू आलं नाही, पण हाताला कळलं. लोखंडावर लोखंड पडलं की हाताला झिणझिणतं. हे मऊ पडलं. मध्ये काहीतरी आहे."

अर्सलानने दत्ताकडे पाहिलं.

दत्ताप्रसादने घसा साफ केला. मीटिंगला जाताना अनुपमाने त्याचा जो चेहरा पाहिला होता, तोच हा चेहरा. "भाईसाब, रूल मैं भी लिखता हूं," तो म्हणाला. "फेल्युअर हुआ तो पहले कॉझ देखते हैं. कॉझ गन में है तो बंद. मैं खुद बोलूंगा, बंद. लेकिन देखे बिना बंद, ये सेफ्टी नहीं है, ये आलस है."

ईशानीने आईचा दंड घट्ट धरला. "इज धिस डॅड?"

अर्सलानने दाढी खाजवली, टॉर्च घेतला, चिमटा घेतला आणि चक्री उघडून घोड्याच्या खाचेत डोकावला. खूप वेळ काहीतरी टोकरलं. मग पांढऱ्या कागदावर एक वस्तू ठेवून तो कागद सगळ्यांसमोर धरला.

चेपलेला, लाल, तांदळाचा एक दाणा.

"पच्चीस साल से रेंज पर हूं," अर्सलान म्हणाला. "रेत निकाली, मकड़ी निकाली. चावल पहली बार. बिरयानी का है?"

"लग्नातला आहे," वासुदेव म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायला लागले. लतिकाबाई हसल्या तशी त्यांची पैठणी हलली. हम्माद फोनवर हारुनना अरबीत काहीतरी समजावत होता आणि पलीकडून त्या म्हाताऱ्याचं हसणं सगळ्या रेंजभर ऐकू येत होतं.

अर्सलानने रिकामा घोडा दोनदा पाडून दाखवला. लतिकाबाईंनी डोळे मिटून ऐकलं. टक्. टक्. "हं," त्या म्हणाल्या. "आता खरं बोललं."

पुन्हा कप, पुन्हा चष्मे. एक गोळी. दत्ता कोपराशी. या वेळी मनगट हललंच नाही.

बार झाला.

छोटंसं रिव्हॉल्व्हर, पण आवाज छातीत गेला. दारूचा तिखट, जुना वास आला आणि लगेच पंख्याने ओढून नेला. अर्सलानने रिव्हॉल्व्हर काढून घेतलं. लतिकाबाईंनी कप उतरवले आणि तशाच समोर बघत उभ्या राहिल्या. टाळ्या वाजवायला ईशानीने हात उचलले, पण आजी अजून कशाची तरी वाट बघते आहे असं वाटून ते हात तसेच राहिले. हम्मादलाही कळेना. गोळी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लागली होती, पण त्या तिकडे पाहतही नव्हत्या.

तेव्हा मागून वासुदेव दोन पावलं पुढे आले. त्यांनीही कप उतरवले होते. आयुष्यात त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, त्यामुळे तो थोडा चिरकला.

"बार कोणाचा?"

लतिकाबाईंनी मान वळवली नाही. अनुपमाला फक्त त्यांची पाठ दिसत होती. ती ताठ झाली.

"सगुणा रामचंद्र जिनगर," त्या म्हणाल्या.

दत्ताने आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "सगुणा कोण?" त्याने अनुपमाला हळूच विचारलं.

 अनुपमाला आपलं लग्न आठवत होतं. याच दत्ताच्या आत्याबाई तांदळाचं ताट आणि अंगठी घेऊन आल्या होत्या, नाव काय ठेवायचं तेही ठरवून आल्या होत्या. आणि सासूबाईंनी ते ताट उचललं, आत नेलं, तांदूळ तीनदा धुतले आणि भाताला लावले. बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या होत्या, हिचं नाव चांगलं आहे, तेच राहील. सगळे म्हणाले, लतिकाबाईंना रीतभात राहिली नाही. अनुपमालाही तेव्हा वाटलं होतं, विसरल्या असतील. इतक्या वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं.

तिने आपल्या कानांवरचे कप काढून हातात घेतले.

"आई, पुन्हा सांगा ना," ती म्हणाली. "मला नीट ऐकू आलं नाही. कानांवर हे होतं."

सासूबाई वळल्या. सुनेच्या हातातल्या कपांकडे त्यांनी पाहिलं, मग तिच्याकडे. तिला पहिल्याच वेळी सगळं ऐकू आलं होतं, हे त्यांना अर्थातच कळलं. हम्मादच्या हातातला फोन त्यांनी आपल्या तोंडाजवळ ओढला, फुजैरालाही जाईल असा.

आणि या खेपेला बांधापलीकडच्या शेतात ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.